आधी नको ते सांगा

यादी घेऊन येणारी माणसं आता वाढली आहेत. कुणा यूट्यूबवाल्याने सांगितलेले भाग मोबाइलमध्ये उतरवून घेतलेले असतात: अमुक प्रोसेसर, तमुक ग्राफिक्स कार्ड, लिक्विड कूलर, रंगीत दिव्यांचे तीन पंखे. बेरीज खिशातल्या रकमेच्या दुप्पट निघते. "मॅडम, हेच बसवा, फक्त चाळीसमध्ये बसवा," म्हणत माणूस स्टूल ओढतो. मी यादी वाचते, मोबाइल परत देते आणि विचारते, यावर बसणार कोण आणि बसून करणार काय? त्याचं उत्तर यादीत नसतंच, बऱ्याचदा माणसाकडेही तयार नसतं.

नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या टेबलासमोर येणारी घरं तशी ठरलेली आहेत. अंबडला किंवा सातपूरला जॉबवर्कचं छोटं शेड चालवणारे आणि रात्री घरी बसून जीएसटीची बिलं करणारे दादा. कॉलेज रोडच्या क्लासला जाणाऱ्या मुलाचे आईवडील. संगणक टायपिंगच्या परीक्षेचा सराव घरी करू पाहणारी मुलगी. नोट प्रेसमधून रिटायर झालेले काका, ज्यांना परदेशातली नातवंडं मोठ्या पडद्यावर बघायची असतात. यातल्या कुणालाही ग्राफिक्स कार्ड लागत नाही. जॉबवर्कवाल्या दादांना ऑटोकॅडमध्ये साधं सपाट ड्रॉइंग उघडायचं असतं, तेही प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर बिनबोभाट उघडतं.

बजेट तोकडं असलं की भाग निवडायचे म्हणजे मुख्यतः वगळायचे. काय वगळायचं याचा माझा एक ठोकताळा आहे: जे पुढे जाऊन नुसतं खोचता येतं ते आज राहू द्या, आणि जे बदलायला सगळं मशीन उचकटावं लागतं तिथे हात आखडू नका. रॅमची दुसरी पट्टी, ग्राफिक्स कार्ड, जास्तीची हार्ड डिस्क, स्पीकर हे सगळं दिवाळीच्या बोनसला येऊ शकतं. बोर्ड आणि मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस बोनसची वाट बघत नाहीत.

हे मला कोर्समध्ये कुणी शिकवलं नाही. मी या कामात आले तेव्हा एमएस-सीआयटीची लाट होती. एमकेसीएलने २००१ साली तो कोर्स सुरू केला आणि सरकारी नोकरीला त्याचं प्रमाणपत्र लागायला लागल्यावर शिक्षकांपासून ग्रामसेवकांपर्यंत सगळे माऊस धरायला शिकू लागले. क्लासमध्ये मिळायचा एखादा तास. सरावाला घरी मशीन हवं, आणि ब्रँडेड परवडायचं नाही. मग असेंबल केलेलं. नाशिकचे दुकानदार सकाळी पंचवटी एक्स्प्रेस धरायचे, दादरला लोकल बदलून ग्रँट रोडला उतरायचे, लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यांमधून बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क पिशवीत भरायचे आणि संध्याकाळच्या पंचवटीनेच परत यायचे. मॉनिटर काचेच्या नळीचे, अवजड. ते ट्रान्सपोर्टने यायचे. मी एका दुकानात जोडणीला होते. "इंजिनीअर कुठे गेले?" असं मलाच विचारणारे तेव्हा भेटायचे. अजूनही भेटतात. मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत नाही.

खरं शिक्षण झालं ते परत आलेल्या मशीनांवर. दोन-तीन वर्षांनी मशीन टेबलावर उघडलं की पहिल्या कोटेशनमध्ये कुठे पैसे वाचवले होते ते दिसायचं. सेलेरॉन प्रोसेसर आणि १२८ एमबी रॅम घेऊन गेलेला माणूस फक्त "हळू चालतंय" म्हणून यायचा. एक पट्टी वाढवली की खूश होऊन जायचा. स्वस्तातला बोर्ड घेतलेल्याची गोष्ट वेगळी असायची. त्या वर्षांत खराब इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर जगभरच्या बोर्डांमध्ये शिरले होते. प्रोसेसरच्या बाजूला उभे असलेले ते छोटे डबे डोक्यावर फुगायचे, त्यातून तपकिरी द्रव बाहेर यायचा. मशीन आधी मधूनच बंद व्हायचं, मग एका सकाळी सुरूच व्हायचं नाही. मी कितीतरी बोर्डांवरचे कपॅसिटर काढून नवे टाकले. काही चालले, पुष्कळ भंगारात गेले, आणि त्या बोर्डावर बसणारा प्रोसेसर आणि रॅम तोवर जुन्या जातीचे झालेले असल्यामुळे तेही जवळपास वाया गेले.

आता प्रोसेसरकडे येते, कारण गिऱ्हाइकाचा जीव तिथेच अडकलेला असतो. नाशकात 'आय-फाइव्ह' या शब्दाला फार मान आहे. "अहो, तिकडे सगळं धरून बारा-तेरा हजारांत आय-फाइव्ह देताहेत आणि तुम्ही नुसत्या आय-थ्रीचे एवढे सांगता?" हे वाक्य मला पाठ झालंय. तिकडे जे मिळतं ते बहुतेक वेळा २०११-१२ च्या पिढीचं असतं. कुठल्यातरी कंपनीने कार्यालयातून काढून टाकलेला दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय-५, आणि त्याच्यासाठी नव्याने बनवलेला एच-६१ जातीचा बोर्ड. त्या आय-५ मध्ये चार कोर असतात आणि चारच धागे चालतात. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या आय-३ १२१०० मध्येही चार कोर आहेत, पण धागे आठ, आणि एकेक कोर त्या जुन्यापेक्षा कितीतरी वेगवान. नाव मोठं असलं तरी पिढीचा आकडा बघायला हवा, एवढं मी कागदावर लिहून दाखवते.

त्या जुन्या मशीनला मी सरसकट नावं ठेवत नाही. बिलं, टायपिंग, भजनं ऐकणं एवढंच काम असेल तर एसएसडी टाकल्यावर ते बरं पळतं. अडचण विंडोजची आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० लागतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे आज तो आय-५ घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद झालेली प्रणाली घरात आणली, आणि त्याच मशीनवरून तो बँकेचे व्यवहार करणार. अशा गिऱ्हाइकाला मी लिनक्स टाकून देते. काका लोकांना त्याचं काही वाटत नाही. ब्राउझर उघडला, नातवंडं दिसली की झालं. टॅलीवाल्या दादांना ते चालत नाही, कारण टॅलीला विंडोज लागतं.

याच ठिकाणी कोटेशनमधला एक लपलेला खर्च असतो. "विंडोज तुम्ही टाकून द्यालच ना," असं सगळेच गृहीत धरतात. अधिकृत विंडोजची किंमत चांगल्या एसएमपीएसच्या कितीतरी पट आहे. ती कोटेशनमध्ये वेगळी लिहिली की लोक दचकतात, आणि न लिहिणाऱ्या दुकानात जातात. जाऊ देते.

प्रोसेसरच्या नावामागचं एक अक्षरसुद्धा बघावं लागतं. १२१००च्या पुढे 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. तो हजार-दोन हजारांनी स्वस्त पडतो म्हणून ऑनलाइन मागवलेली मुलं बोर्ड घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "सगळं चालू आहे, फक्त डिस्प्ले येत नाही." येणार कसा? एफवाल्याला ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं. घरात गेम खेळणारा मुलगा असेल आणि कार्डाला आत्ता पैसे नसतील तर मी रायझन ५ ५६००जी सुचवत आले आहे. त्यात सहा कोर आहेत आणि बऱ्यापैकी ग्राफिक्सही. कार्ड पुढे कधीतरी येईल.

२०२३ मध्ये अशाच एका जॉबवर्कवाल्या दादांना दिलेलं कोटेशन साधारण असं होतं: आय-३ १२१०० अकरा-साडेअकरा हजार, एच-६१० बोर्ड पावणेसात, डीडीआर-४ ची आठ जीबीची पट्टी अठराशे, पाचशे जीबीची एनव्हीएमई एसएसडी अठ्ठावीसशे, कांस्य दर्जाचा ८० प्लस एसएमपीएस अठ्ठावीसशे, जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट दोन हजार, बावीस इंची मॉनिटर सात हजार, कीबोर्ड-माऊस आठशे, यूपीएस तीन हजार. चाळीसच्या आत बसलं. दादांनी यादीवर बोट फिरवत नेमकं एसएमपीएसवर आणून थांबवलं. "हा सातशेचा पण मिळतो ना ताई?"

मिळतो. मी काउंटरखालून तो काढते आणि दोन्ही त्यांच्या दोन हातांत देते. वजनातच फरक कळतो. मग लेबल वाचायला लावते. दोन्हींवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खाली बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात स्वस्तावर १४ किंवा १५ अँपिअर. आजचं मशीन जवळपास सगळी वीज या बारा व्होल्टच्या लाइनवरूनच घेतं. बारा गुणिले पंधरा, १८० वॅट. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले असतात, ज्यांचा आता फारसा उपयोग नाही. दादा लेथवर काम केलेले, गुणाकार त्यांनी माझ्याआधी केला. खरं तर आय-३ चं बिनकार्डाचं मशीन भरात असतानाही शंभर वॅटच्या आसपासच खातं, म्हणजे १८० ही पुरतात. पण वीज अचानक वर गेली, आतला एखादा भाग शॉर्ट झाला की चांगला एसएमपीएस स्वतः बंद पडतो आणि बोर्ड वाचवतो. सातशेवाल्यात ती सोय कितपत आहे हे तो जळेपर्यंत कळत नाही. पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. वीज आत येते तिथे फिल्टरच्या भागांची जागा छापलेली असते आणि तिथे भाग न बसवता नुसती तार टाकलेली दिसते.

विजेचा विषय निघाला की मला पंचवटीतले जुने वाडे आठवतात. तिथून येणारी तक्रार एकच: "कॅबिनेटला करंट येतो." लोकांना वाटतं मशीन खराब आहे, दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक उगाच बोलतंय. दोघंही चुकतात. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून दोन छोटे कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. विजेतला गोंगाट त्यांनी अर्थिंगमध्ये सोडायचा असतो. घरात अर्थिंगच नसेल तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या अधेमधे लटकत राहतो, आणि मल्टिमीटर लावला तर शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण त्याच अवस्थेत प्रिंटरची किंवा टीव्हीची वायर खोचली तर ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतो. गंमत अशी की फिल्टर नसलेल्या सातशेच्या एसएमपीएसला मुंग्या कमी येतात, आणि लोक म्हणतात, "बघा, स्वस्तवालाच बरा होता."

उपाय एकच, अर्थिंग करून घ्यायचं. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका आणि टू-पिनचं ॲडॉप्टर लावू नका. काही वायरमन सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. मुंग्या थांबतात, म्हणून घरचे आशीर्वाद देतात. पण कधी न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल झाली तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतात. मी घरी मशीन बसवायला जाते तेव्हा आधी सॉकेट तपासते, मग खोकं उघडते. अर्थिंग नसेल तर मशीन तिथेच ठेवून येते आणि वायरमनचं काम झाल्यावर पुन्हा जाते.

यूपीएसही मी वगळू देत नाही, जरी लोडशेडिंगच्या काळासारखी तासन्‌तास वीज जात नसली तरी. तेव्हा वेळापत्रक बघून लोक बिलं करायचे. आता वीज दोन मिनिटांसाठी जाते आणि तेवढ्यात टॅलीचा डेटा बिघडतो. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस फाइल सेव्ह करून मशीन बंद करायला पुरतो. दोन-तीन वर्षांनी त्याची बॅटरी बदलावी लागेल हे मी आधीच सांगून ठेवते.

रॅमबद्दल माझं मत माणसागणिक बदलतं. कागदोपत्री दोन पट्ट्या बऱ्या. डीडीआर-४ ची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी वाहते, दोन लावल्या की दुप्पट, आणि अंगच्या ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला तो फरक पडद्यावर दिसतो. म्हणून रायझनवाल्या पोराला मी दोन आठाच्या देते. पण एच-६१० बोर्डावर रॅमच्या खाचा दोनच असतात. बिलं करणाऱ्या दादांना चाराच्या दोन दिल्या तर दोन्ही खाचा भरल्या आणि पुढे वाढवताना दोन्ही काढून टाकाव्या लागल्या. त्यांना आठाची एक, शेजारची खाच मोकळी. बोर्ड घेतानाच डीडीआर-४ चा की डीडीआर-५ चा ते ठरतं, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. एच-६१० मध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, तेव्हा खोक्यावर बघून घ्यावं.

मोकळी खाच ठेवण्याच्या या सल्ल्याला २०२५ च्या अखेरीस जबर तडाखा बसला. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक रॅम बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महाग मेमरीकडे त्यांनी आपली क्षमता वळवली. घरगुती पट्ट्यांचे भाव दुपटीच्याही पुढे गेले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये 'क्रूशल' हा आपला घरगुती ग्राहकांचा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. "नंतर टाकू" म्हणून गेलेली माणसं आता भाव ऐकून माझ्याकडे बघत राहतात. असं आधीही झालंय. २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि नाशकात डिस्कचे भाव कडाडले. नंतर क्रिप्टोचं नाणं खणणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डं पळवली. भाव उतरतात, फक्त कधी ते कुणी सांगू शकत नाही. माझा सल्ला मी तरीही बदललेला नाही. भाव चढलेले असताना दोन पट्ट्या घेऊन बोर्ड हलका घेणं मला पटत नाही. आठ जीबीवर वर्षभर निभतं.

हार्ड डिस्क मात्र मी पूर्ण वगळते, अगदी डोळे मिटून. विंडोज फिरत्या डिस्कवर टाकलेलं मशीन कितीही चांगल्या प्रोसेसरचं असलं तरी रांगतं. अडीचशे जीबीची का होईना, एसएसडीच. लग्नाचे व्हिडिओ साठवायला जुनी डिस्क घरात असतेच, ती दुसरी म्हणून जोडून देते.

मॉनिटरही वगळता येतो, हे लोकांना सुचत नाही. माळ्यावरचा जुना एलसीडी चालू असेल तर आणा, एच-६१० च्या बऱ्याच बोर्डांवर अजून व्हीजीएचं भोक असतं. सात हजार वाचले. घरातला बत्तीस इंची टीव्ही लावण्याचा हट्ट मात्र धरू नका. त्यातल्या पुष्कळांवर आडवे १३६६ ठिपकेच असतात, आणि एवढ्या मोठ्या काचेवर ते पसरले की हातभर अंतरावरून अक्षरं फाटलेली दिसतात. दहावी-बारावीच्या मुलाचे डोळे तिथे तासन्‌तास लागणार असतात.

कॅबिनेट पुढे काच आणि आत दिवे असलेलं घेऊ नका. काचेमागून पंख्याला हवा मिळत नाही. नाशकात सध्या जिकडेतिकडे बांधकामं चालू आहेत आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपर्यंत जातो. जाळीचं तोंड असलेला साधा डबा घ्या आणि वर्षातून एकदा धूळ काढून घ्या. टायपिंगच्या परीक्षेचा सराव करणाऱ्या मुलीला मी कॅबिनेटमधून वाचलेले पाचशे रुपये कीबोर्डात घालायला सांगते; तिचं सगळं काम बोटांचं आहे.

"मग लॅपटॉपच का नको?" हा प्रश्न शेवटी येतोच. मुलगा उद्या होस्टेलला जाणार असेल तर लॅपटॉपच घ्या, मी स्वतः तसं सांगून गिऱ्हाईक परत पाठवते. घरात एका जागी, चार जणांनी वापरायचं असेल तर डेस्कटॉप. त्यातला एक भाग गेला तर तेवढाच बदलतो.

पैसे देण्याआधी एवढं करा. पक्कं बिल मागा आणि प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, मॉनिटर या प्रत्येकाचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. प्रोसेसर बंद खोक्यातला आहे की ट्रेमधला सुटा, ते विचारा. खोक्यातल्या इंटेलला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, सुट्याची जबाबदारी बहुधा फक्त दुकानदाराच्या शब्दावर असते. वॉरंटीत भाग परत करताना काही डीलर खोकं मागतात, म्हणून मॉनिटरचं आणि बोर्डाचं खोकं रद्दीत देऊ नका, तीन वर्षं माळ्यावर राहू द्या.